एका कॉम्प्युटरला दोन पडदे : जोडणी, ड्रायव्हर आणि रंगाचा मामला

साकीनाका, कुर्ला, गोवंडी या भागांतील भरतकामाच्या ज्या कारखान्यांत मल्टिहेड मशीन आली, तेथे पंचिंग करणारा कारागीर कॉम्प्युटरवर बसतो. त्याला एक पडदा पुरत नाही. एका पडद्यावर टाके टाकायचे आणि दुसऱ्यावर गिऱ्हाइकाने दिलेला नमुना उघडा ठेवायचा, म्हणजे काम लवकर उरकते. कापड व्यापाऱ्याचीही तीच गरज आहे. एकीकडे बिले, दुसरीकडे जीएसटीचे पोर्टल, आणि जमल्यास तिसरा पडदा गिऱ्हाइकाकडे तोंड करून. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत अनेक व्यापारी बांधव यासाठी नवा कॉम्प्युटर घेण्याच्या विचारात असतात. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. मॉनिटर घ्यावा, पण त्याआधी कॉम्प्युटरच्या पाठीमागे नीट पाहावे.

पाठीमागे व्हीजीए, एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट यांपैकी जी तोंडे असतील ती मोजावीत. व्हीजीए हे १९८७ सालचे, पंधरा पिनांचे जुने तोंड. त्यावर चित्र येते, पण बारीक टाके थोडे धूसर दिसतात. कॉम्प्युटरमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड असेल, तर मॉनिटरच्या वायरी त्या कार्डाच्या तोंडांतच लावाव्यात. उभ्या डब्यात ही तोंडे खालच्या बाजूस आडवी असतात. वरच्या, मदरबोर्डच्या तोंडात वायर खोचून "पडदा काळाच आहे" अशी तक्रार घेऊन कारागिराला बोलावणारे पुष्कळ आहेत. कार्ड बसवल्यावर ती वरची तोंडे बऱ्याचदा बंद होतात. आणि इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाअखेर 'एफ' अक्षर असेल, तर ती मुळातच निकामी असतात.

बाजारात शंभर-दोनशे रुपयांना जे जोड मिळतात, ते घेताना दिशा विचारावी. एचडीएमआयतून व्हीजीए करणारा जोड उलटा चालत नाही. 'स्प्लिटर' नावाची डबी दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखवते. वेगवेगळे काम हवे असेल तर ती उपयोगाची नाही. लॅपटॉपचे टाइप-सी तोंड पाहून खूश होऊ नये, कारण काहींतून फक्त चार्जिंग आणि फाइली जातात, चित्र जात नाही. खरेदीपूर्वी कंपनीच्या माहितीपत्रकात याची खातरजमा करून घ्यावी.

वायरी लागल्यावर विंडोजची कळ दाबून धरून 'पी' दाबावे. चार पर्याय येतात. त्यांतील 'डुप्लिकेट' म्हणजे दोन्हीकडे तेच, आणि 'एक्स्टेंड' म्हणजे टेबल लांब केल्यासारखे. आपल्याला एक्स्टेंड हवे. मग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'आयडेंटिफाय' दाबले की प्रत्येक पडद्यावर आकडा उमटतो. मॉनिटर जसे मांडले आहेत तशाच चौकटी तेथे सरकवाव्यात, नाहीतर माउस उजवीकडे नेला की भलतीकडे निघतो.

एवढे करूनही दुसरा पडदा ओळखला गेला नाही, तर ड्रायव्हर तपासावा. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि ग्राफिक्सच्या चिपमधला दुभाष्या. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स' उघडावे. तेथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' असे नाव दिसले, तर खरा दुभाष्या आलेलाच नाही. कामचलाऊ माणूस बसला आहे, आणि त्याला सहसा एकच पडदा सांभाळता येतो. लॅपटॉप असेल तर आधी त्याच्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल क्रमांक देऊन ड्रायव्हर घ्यावा, जोडलेला कॉम्प्युटर असेल तर चिपच्या कंपनीकडून. विंडोज अपडेटच्या 'ऑप्शनल अपडेट्स'मध्येही तो सापडतो. हे सगळे फुकट आहे. "तुमचे ड्रायव्हर जुने झाले" अशी पाटी झळकवून पैसे मागणारे प्रोग्राम घेऊ नयेत. हिशेबाच्या कॉम्प्युटरवर तर मुळीच नाही.

काम चोख चालत असेल तर केवळ नवे आले म्हणून ड्रायव्हर बदलण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. ईदच्या किंवा लग्नसराईच्या ऑर्डरी मशीनवर असताना तर नाहीच. बदलण्याआधी रिस्टोर पॉइंट करावा. बदलल्यावर गडबड झाली तर त्याच डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'रोल बॅक ड्रायव्हर' दाबून जुना परत आणता येतो. लॅमिंग्टन रोडवर जुने कार्ड घेणाऱ्यांनी मालिका विचारून घ्यावी : एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांना २०२५ च्या ऑक्टोबरनंतर नवे ड्रायव्हर नाहीत, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या, त्याही २०२८ पर्यंत. विंडोज १० चा नियमित आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

आता आपल्या धंद्याच्या मुख्य गोष्टीकडे येऊ. दोन मॉनिटरवर एकच रंग सहसा एकसारखा दिसत नाही. एकावर जो मोरपंखी, तोच दुसऱ्यावर फिरोजी. स्वस्त टीएन पडदा बाजूने पाहिला की रंग उतरतो, म्हणजे समोर बसलेला कारागीर एक छटा पाहतो आणि कडेला उभे असलेले गिऱ्हाईक दुसरी. रंगवून आलेला माल याच कारणाने परत येतो, आणि रंगाऱ्याचे पैसे अडतात. म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूचा मॉनिटर आयपीएस घ्यावा. दोन्ही मॉनिटरच्या मेनूत रंगाचे तापमान ६५०० ठेवावे, 'नाइट लाइट' बंद करावा. ड्रायव्हर नव्याने, 'क्लीन इन्स्टॉल' करून टाकला की कंट्रोल पॅनेलमध्ये जमवलेले रंग पुसले जातात. ते आकडे वहीत लिहून ठेवावेत. इतके केले तरी छटेची मंजुरी पडद्यावर घेऊ नये. शेड कार्ड किंवा लॅब डिप हातात द्यावी, दुकानाच्या ट्यूबलाइटखाली आणि बाहेर उजेडात दोन्हीकडे दाखवावी, आणि तिच्या मागे तारीख घालून सही घ्यावी.