जुन्या एमजीच्या दाराची फट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

हैदराबादला जुन्या गाड्यांचं कौतुक नवं नाही. चौमहल्ला राजवाड्यातली निजामांची 1912 सालची पिवळी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट पाहायला आजही लोक जातात. तिच्यापुढे एमजी, ट्रायम्फ या छोट्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या साध्या वाटतात. पण त्या दुरुस्तीला घेतल्या की डेंटरचा कस लागतो, आणि तो सगळ्यात जास्त लागतो दाराच्या फटीपाशी.

‘दार बसत नाही, म्हणजे बिजागरी ढिली झाली’ हा सर्वांत रूढ समज. दार अर्धं उघडून टोकाला धरावं आणि वर उचलून पाहावं. खडखडलं तर बिजागरीची पिन झिजली आहे. खडखडत नसेल आणि तरीही मागच्या कडेची फट वर चिंचोळी, खाली रुंद दिसत असेल, तर बहुतेक वेळा गाडीच मध्ये खचलेली असते. 1962 ते 1980 या काळात पाच लाखांवर बनलेली एमजीबी घ्या. तिला वेगळी चासी नाही, आणि उघड्या मॉडेलला वरून आधार द्यायला छप्परही नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधला भार मुख्यतः दाराखालची पोकळ सिल आणि मधला बोगदा पेलतात. सिलमध्ये पाणी साचून ती आतून गंजली की गाडी पोटात वाकते आणि दाराचा वरचा कोपरा खांबाला घासू लागतो. अशा वेळी बिजागरीशी खेळून दुखणं फक्त जागा बदलतं.

खरं नुकसान यानंतर होतं. ‘दारं काढली की सिल बदलायला सोपं जातं’ असं म्हणून गाडी मिळेल तिथे जॅकवर चढवतात आणि दोन्ही बाजूंची सिल कापतात. कापताक्षणी सांगाडा बसतो आणि नवी सिल त्या वाकड्या मापातच कायमची वेल्ड होते. म्हणून आधी दारं जागेवर असतानाच फटी मोजून लिहून ठेवायच्या, गाडी चाकांच्या जवळ समपातळीत टेकवायची, दाराच्या चौकटीत लोखंडी नळीचा आडवा आधार वेल्ड करायचा आणि मग एकाच बाजूला हात घालायचा. प्रत्येक टप्प्याला दार परत लावून पाहायचं. दार न लावता सिल पक्की करणाऱ्याच्या हाती मी तरी अशी गाडी देणार नाही.

आपल्याकडे उन्हालाही दोष देतात. एक मीटर पोलादी पत्रा 30 अंशांनी तापला तर जेमतेम 0.36 मिलिमीटर वाढतो, आणि भोवतालची चौकटही जवळपास तेवढीच वाढते. हैदराबादच्या मे महिन्याने फट बिघडत नाही. मात्र 1945 नंतरच्या टीसी आणि टीडी या एमजींची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या पत्र्याआड अ‍ॅशच्या लाकडाचा सांगाडा असतो आणि दार मागच्या खांबाला टांगलेलं असतं. पावसाळ्याच्या ओलीने तो खांब कुजला की स्क्रू धरत नाहीत, दाराचं पुढचं टोक खाली येतं. तिथे सुताराशिवाय इलाज नाही. लाकूड धड असेल, तर बॉडी आणि चासीमधल्या पॅकिंगची जाडी बदलूनही फट बरीच सुधारते.

विकत आणलेलं नवं दार थेट बसेल, ही आशाही धरू नये. त्या काळी अनेक ब्रिटिश कारखान्यांत दारं हातानंच जुळवत, कडा शिशाने भरून घासत. एका गाडीचं दार दुसरीला तंतोतंत बसेलच असं नाही.

फट रुंद राहिली तर पुट्टीचा मोह होतो. कडेवरची पुट्टी दार आपटलं की टवका उडून निघते. त्यापेक्षा कडेवर वेल्डिंगची बारीक रेघ चढवून कानशीने घासावी. चार मिलिमीटर जाडीची पट्टी कापून ती फटीतून सगळीकडे फिरवली की कुठे अडते, कुठे ढिली पडते ते लगेच कळतं. हे सगळं रंगाआधी करायचं. रबर आणि कुलूपही तेव्हाच एकदा बसवून पाहायचं, कारण नवं, कडक रबर जुळलेलं दार पुन्हा बाहेर ढकलतं.