बदनापूर : समुद्रावांचून बंदर

बदनापुराजवळ बंदर होत आहे असें सांगितलें तर आमचे कोंकणस्थ वाचक हंसतील. तालुक्यांतून वाहणारी दुधना उन्हाळ्यांत वाळूंत हुडकावी लागते. तेथें गलबत कोठून येणार? तथापि ज्यास ‘ड्राय पोर्ट’ म्हणजे कोरडें बंदर म्हणतात, त्याची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्यें जवसगांव-दरेगांवच्या माळावर झाली. पुढें २०२२ सालीं तेथें मालवाहतुकीचें मोठें केंद्र उभारण्याचा करारही झाला.

जाण्यास आगगाडी हेंच साधन आम्हांस पसंत आहे. मनमाडहून निघून छत्रपति संभाजीनगर मागें पडलें कीं चिकलठाण, करमाड आणि मग बदनापूर. पुढें दिनेगांव व जालना. निजामाच्या अमदानींत घातलेला हा लोहमार्ग १९९० नंतरच रुंद झाला. जलद गाड्या बदनापुरास थांबतीलच असें नाहीं. तेव्हां कुटुंबवत्सल मंडळींनीं जालन्यास उतरावें व एस. टी.नें सुमारें २० किलोमीटर मागें यावें. समृद्धि महामार्गही याच भागांतून जातो, परंतु त्याच्या वेगांत गांवें दिसत नाहींत.

कोरड्या बंदराची योजना समजण्यास कठीण नाहीं. माल कंटेनरांत भरावयाचा, जकातीची तपासणी येथेंच उरकून मोहोर करावयाची, आणि सुमारें ४०० किलोमीटरांवरील न्हावा-शेव्यास पाठवून तडक जहाजावर चढवावयाचा. मालास तोटा नाहीं. जालन्याचें पोलाद व बियाणें प्रसिद्धच; येथील मोसंबीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें; आणि बदनापूरच्या कृषि-संशोधन केंद्रानें काढलेले तुरीचे वाण तर मराठवाड्याबाहेरही पेरले जातात. आपल्या घरच्या वरणांत बदनापूर आहे, याची गृहिणींस कल्पनाही नसेल!

परंतु २०१२-१३ च्या दुष्काळांत याच जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. वर्षानुवर्षें जोपासलेल्या झाडांचें ज्याच्या डोळ्यांदेखत सरपण झालें, त्यास जहाज चारशे किलोमीटर जवळ आलें म्हणून काय होय? आमच्या मतें येथें आधीं प्रश्न पाण्याचा, मग बंदराचा. हा क्रम उलटा लागला तर पोलाद परदेशीं जाईल आणि शेतकरी आहे तेथेंच राहील.

म्हणून पाहुण्यानें सोमठाण्यास अवश्य जावें. तेथें ऊर्ध्व दुधना प्रकल्पाचा जलाशय असून टेकडीवर रेणुकादेवीचें स्थान आहे. नवरात्रांत गर्दी फार. पावसाळा सरतां सरतां गेल्यास पाणी व शांतता दोन्ही लाभण्याचा संभव अधिक. हें पाणी दुधनेंतून पूर्णेस, पूर्णेंतून गोदावरीस मिळून पूर्वसमुद्रास जातें. माल मात्र पश्चिमसमुद्राकडे जावयाचा! परतीची एस. टी. केव्हां आहे, हें स्थानकावर आधींच विचारून ठेवावें, आणि पिण्याचें पाणी बरोबर असूं द्यावें.