पाय अडखळतो, तो वयामुळेच का?

पन्नाशी उलटली की शरीराच्या प्रत्येक तक्रारीला घरात एकच उत्तर तयार असते – 'वय झालं!' गुडघे दुखले तर वय, विसरायला झाले तर वय आणि जिना चढताना पाय जड झाला तरी वयच. बहुतेक वेळा हे उत्तर बरोबरही असते. पण काही घरांत या दोन शब्दांच्या आड असा एक आजार दडून बसतो, ज्याचे नाव तोवर घरातल्या कुणीच ऐकलेले नसते. तो आजार म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजेच एम.एस.

बंगळूरच्या कोरमंगला भागात मुलगा-सून किंवा मुलगी-जावई संगणक कंपन्यांत नोकरीला आणि आई-वडील निवृत्तीनंतर पुण्या-नागपूरहून त्यांच्याकडे राहायला आलेले, अशी मराठी घरे आता नवी राहिलेली नाहीत. नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत सोडायचे, संध्याकाळी एक फेरी मारायची, येताना भाजी आणायची, असा त्यांचा दिवस जातो. अशा घरातली छपन्न-सत्तावन वर्षांची आई एक दिवस म्हणते, ''डावा पाय नीट उचलत नाही गं.'' कधी ती पदपथावरच्या हललेल्या फरशीला ठेचकाळते. दोष फरशीला दिला जातो, चपलेला दिला जातो, गुडघ्याला तेल लावले जाते. पाहता पाहता वर्ष-दोन वर्षे निघून जातात.

काय असतो हा आजार?

विजेच्या तारेवर जसे रबराचे आवरण असते, तसे आपल्या मज्जातंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. एम.एस.मध्ये शरीराची रोगप्रतिकारक शक्तीच चुकून या आवरणावर हल्ला करते. मेंदूत आणि मज्जारज्जूत ठिकठिकाणी व्रण होतात आणि निरोप पोहोचण्यात अडथळे येतात. व्रण कुठे आहे त्यावर तक्रार ठरते. कुणाला अंधूक दिसते, कुणाला मुंग्या येतात, कुणाचा तोल जातो, तर कुणाला लघवीची एकदम घाई होते. पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या आजाराचे पहिले नीट वर्णन केले. आज जगभरात सुमारे २९ लाख लोकांना तो आहे. पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण दुपटीहून अधिक आढळते. हा संसर्गजन्य आजार नाही.

बहुतेकांना तो विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो. पहिलीच खूण पन्नाशीनंतर दिसणारे रुग्ण शंभरात सुमारे पाच असतात. तरुणपणी तो बहुधा झटक्यांनी येतो. काही दिवस त्रास होतो आणि मग बराचसा ओसरतो. उतारवयात मात्र अनेकदा झटका असा नसतोच, पाय हळूहळू जड होत जातो. म्हणूनच तो म्हातारपणासारखा दिसतो.

निदानाला उशीर का होतो?

या वयात पाय जड होण्याची इतर कारणेही पुष्कळ असतात. मानेच्या मणक्यांची झीज होऊन मज्जारज्जूवर दाब येतो. मधुमेहाने पायांच्या नसा बधिर होतात. शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते आणि तिनेही तोल जातो. इतकेच काय, वर्षानुवर्षांच्या रक्तदाबामुळे मेंदूच्या एम.आर.आय.मध्ये जे पांढरे ठिपके दिसतात, ते एम.एस.च्या ठिपक्यांशी मिळतेजुळते वाटू शकतात. म्हणून डॉक्टर मज्जारज्जूचाही एम.आर.आय. काढायला सांगतात, रक्त तपासतात आणि गरज पडल्यास पाठीतले पाणी काढून पाहतात. या तपासण्यांना घाबरून जाऊ नये. या वयात घाईने दिलेले नावही चुकीचे ठरू शकते.

कोरमंगलाला लागूनच सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे आणि होसूर रोडवर निमहान्स ही मेंदू व मज्जाविकारांची नामवंत राष्ट्रीय संस्था आहे. तेव्हा तज्ज्ञ दूर नाहीत. अडचण होते ती बोलण्याची. आई सांगते, ''पाय आपला वाटत नाही, चप्पल निसटली तरी कळत नाही.'' मुलगा घाईत त्याचे इंग्रजी करतो, 'पायात वीकनेस आहे.' मुंग्या, बधिरपणा, जडपणा, जळजळ या चार वेगवेगळ्या तक्रारी एका शब्दात बुडून जातात. म्हणून दवाखान्यात जाण्यापूर्वी आईने आपल्याच शब्दांत मराठीत सगळे लिहून काढावे आणि मुलाने ते जसेच्या तसे सांगावे. मान पुढे वाकवल्यावर पाठीतून विजेसारखी झिणझिणी जाते का, हेही लिहावे.

आणखी एक गोष्ट आवर्जून आठवावी. पस्तिशीत कधी एक डोळा पंधरा दिवस अंधूक झाला होता का? बाळंतपणानंतर कधी अर्धे अंग बधिर झाले होते का? आपोआप बरे वाटले म्हणून त्या गोष्टी विसरल्या जातात. पण आजार तेव्हाच सुरू झालेला असू शकतो. अमेरिकन अभिनेत्री क्रिस्टीना ॲपलगेट हिने पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ऑगस्ट २०२१मध्ये, आपल्याला एम.एस. असल्याचे जाहीर केले. तोल जाण्यासारख्या खुणा आपल्याला काही वर्षे आधीच दिसल्या होत्या आणि तेव्हाच लक्ष द्यायला हवे होते, असे तिने नंतर सांगितले.

निदानानंतर

नाव कळले की घरात दोन प्रकारची माणसे निघतात. एक म्हणतात, ''आता या वयात औषधे करून काय होणार?'' दुसरी म्हणतात, ''अमक्याला एका बाबांच्या काढ्याने गुण आला.'' दोघांचेही ऐकू नये. या आजाराचा वेग कमी करणारे पहिले औषध, इंटरफेरॉन, अमेरिकेत १९९३ साली मंजूर झाले. त्यानंतर अनेक औषधे आली. हळूहळू वाढत जाणाऱ्या प्रकारासाठीही २०१७पासून तिथे मंजूर झालेले औषध आहे. आजार समूळ बरा होत नाही, हे खरे. पण वय जास्त असल्याने औषधाचा फायदा किती आणि जंतुसंसर्गाचा धोका किती, हा हिशेब डॉक्टरांसमोर बसून मोकळेपणाने मांडावा. मधुमेह असेल तर स्टिरॉइडच्या सलाईनने साखर वाढते, तेव्हा ते आधीच सांगावे. स्टेम सेलच्या जाहिराती पाहून साठवलेली पुंजी मोडण्याआधी आपल्या तज्ज्ञाला जरूर विचारावे.

निदान झाल्यावर उलटी चूकही होते. मग प्रत्येक दुखणे एम.एस.च्याच नावावर खपते. अचानक पाय लुळे पडले तर ते नवा झटका नसून लघवीतला जंतुसंसर्ग किंवा ताप यांमुळेही असू शकते. त्यामुळे आधी लघवीची तपासणी करून घ्यावी. रक्तदाब, डोळे, हाडे यांच्या नेहमीच्या तपासण्याही सोडू नयेत.

उष्णता आणि थकवा

शरीर तापले की एम.एस.ची लक्षणे तात्पुरती वाढतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ उटहॉफ यांनी हे १८९० साली नोंदवले होते. दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला कढत पाण्याने न्हाल्यावर पायांतले त्राण गेले, तर घाबरू नये. अंग निवले की बहुधा पूर्ववत होते. पाणी कोमटच घ्यावे, न्हाणीघरात स्टूल आणि भिंतीला धरायला दांडा असावा. बंगळूरची हवा या बाबतीत दयाळू आहे, पण मे महिन्यात नागपूरला लग्नाला जायचे तर मुहूर्तापेक्षा कूलरची चौकशी आधी करावी.

थकवा हे या आजाराचे सर्वांत गैरसमज होणारे लक्षण. बाहेरून काहीच दिसत नाही. काल पुरणपोळ्या केल्या आणि आज चहासुद्धा करवत नाही, याला सून आळस समजते आणि नवरा नखरा. तो आळस नव्हे. सकाळी अंगात असलेली शक्ती मोजून खर्च करावी लागते. अंघोळ आणि स्वयंपाक एकापाठोपाठ नको. भाजी बसून चिरावी, ओट्याजवळ उंच स्टूल ठेवावे. आणि ज्या 'अहों'नी आजवर चहाचे आधण ठेवले नाही, त्यांनी ते आता शिकावे. व्यायाम मात्र सोडू नये. फिजिओथेरपिस्टने शिकवलेला थोडा, पण रोजचा व्यायाम पाय टिकवतो.

न सांगितलेली तक्रार

लघवीची घाई होते, कधी वाटेतच कपडे ओले होतात. हे बायका नवऱ्यालाही सांगत नाहीत. त्या पाणी पिणे कमी करतात, मग जंतुसंसर्ग होतो, त्याने पाय आणखी जड होतात आणि बाहेर जाणेच बंद होते. भजनी मंडळ सुटते, देवळात जाणे सुटते. या तक्रारीवर औषधे आहेत, पण ती डॉक्टरांना सांगितल्याशिवाय मिळणार कशी? काठीचेही तसेच. काठी हातात घेतली म्हणजे म्हातारपण पत्करले असे नाही. पडून मांडीचे हाड मोडण्यापेक्षा काठी केव्हाही बरी.

दुसरी गुप्तता मुलांच्या लग्नांसाठी पाळली जाते. 'मुलाचे ठरेपर्यंत कुणाला कळू देऊ नका,' असे घरोघरी ठरते. हा आजार सरळ आईकडून मुलाकडे जात नाही. मुलांना धोका इतरांपेक्षा थोडा अधिक असला, तरी बहुसंख्य मुलांना तो होत नाही. व्याह्यांना हे शांतपणे सांगता येते. लपवण्याच्या धडपडीत उपचार मागे पडले, तर गेलेली वर्षे मात्र भरून येत नाहीत.

मदत कुठे?

मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५पासून काम करते. मुंबई-पुण्याबरोबर बंगळूरलाही तिची शाखा आहे. तिथे आपल्यासारखीच इतर माणसे भेटतात, हा मोठा दिलासा असतो. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात नमूद केलेल्या २१ प्रकारांत एम.एस.चा स्पष्ट समावेश आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक ठरल्यास प्रमाणपत्राच्या आधारे सवलतींसाठी अर्ज करता येतो. त्याची माहिती वेळेवर करून घ्यावी.

तुमच्या घरातही कुणाचा पाय अडखळत असेल, तर 'वय झालं' म्हणण्यापूर्वी इतके विचारा – कधीपासून, कोणत्या पायाला आणि वाढत चालले आहे का? उत्तर 'वाढत चालले आहे' असे आले, तर पुढच्या आठवड्यावर न ढकलता डॉक्टरांची वेळ घ्या.