पेडण्याच्या मातीने अडवलेली गाडी

मडुरे मागे टाकून कोकण रेल्वे गोव्यात शिरते ती पेडण्याच्या बोगद्यातून. लांबी जेमतेम दीड किलोमीटर. रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा. पण तिथे खडक आहे. खडकाला सुरुंग लावता येतो, यंत्राने भोके पाडता येतात. पेडण्यात लागली ती पाण्याने भिजलेली मऊ माती. खणावे तितकी वरून खाली येणारी. तिथे यंत्र निकामी. माणसांनी हाताने माती उकरायची, लगेच आधार द्यायचा, की ती पुन्हा ढासळायची.

कोकण रेल्वेवर असे मऊ मातीचे नऊ बोगदे होते. त्यांनी चार वर्षे आणि एकोणीस मजुरांचे प्राण घेतले. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन प्रमुख झाले, दक्षिणेकडे १९९३ मध्ये मंगळूर-उडुपी गाडी धावूही लागली. तरी सलग मार्ग खुला व्हायला १९९८ उजाडले. गोव्यात मार्ग कुठून न्यावा यावरून आंदोलन पेटले होतेच, पण माझ्या मते खरा उशीर या मातीचा.

या रेल्वेने एक झकास कल्पना राबवली ती १९९९ पासून : कोलाडला भरलेले ट्रक चक्क वाघिणीवर चढवायचे आणि वेर्ण्याला उतरवायचे. चालक आपल्याच केबिनमध्ये बसून घाट चुकवतो. गोव्यातल्या खाणींच्या डिचोली तालुक्याच्या वाट्याला मात्र या रेल्वेतले फारसे आले नाही. तिथले खनिज ट्रकने धक्क्यावर आणि पुढे बार्जने मांडवीतून मुरगावला जायचे. माणसांनी गाडी पकडायची ती शेजारच्या बार्देशातल्या थिवीला.

पेडण्याचा बोगदा अजून शांत नाही. ६ ऑगस्ट २०२० रोजी त्याच्या भिंतीचा भाग कोसळला. गाड्या पुणे, मिरज, लोंढामार्गे मडगावला वळवल्या गेल्या, म्हणजे पोर्तुगीज आणि इंग्रजांच्या १८७८ च्या करारातून जन्मलेल्या, कॅसलरॉकच्या घाटातून उतरणाऱ्या लोहमार्गावर. नव्याला जुन्याने हात दिला. जुलै २०२४ मध्ये याच बोगद्यात पाणी शिरले आणि वाहतूक पुन्हा ठप्प झाली. पावसाळी वेळापत्रक आणि रुळांवरची गस्त या मार्गाला दरवर्षी लागते ती उगाच नव्हे.

आता हे छोटे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायचे घाटते आहे. महाराष्ट्रानेही मे २०२५ मध्ये संमती दिली. दुपदरीकरणाला पैसा हवा, म्हणून विलीनीकरण ठीकच. पण मालक कोणीही असो, पहिला खर्च पेडण्याच्या त्या दीड किलोमीटरवर व्हावा, असा आग्रह गोव्याच्या आमदार-खासदारांनी आताच धरायला हवा.