परमुलखातील भाकर



आजचा विषय ऐकताच आमच्या एका स्नेह्याने विचारले, “भाकरीवर व्याख्यान काय द्यायचे? भाकर ही खायची वस्तू, बोलायची नव्हे.” आम्हाला हे पटले नाही. आम्ही आठवीत शाळा सोडलेली माणसे. जे काही शिकलो ते जिनिंगच्या दारावर, वाचनालयाच्या बाकावर आणि दोन वर्षे परमुलखात. त्या दोन वर्षांत आम्हाला सर्वांत जास्त कोणी शिकविले असेल तर ते भाकरीने.

परदेशी गेलेल्या माणसाला घरचे जेवण आठवू लागले की लोक त्याला जिभेचे चोचले म्हणतात. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. ओळखीचे अन्न हा चोचला नव्हे. तो कष्टकऱ्याच्या मजुरीचाच एक भाग आहे. हे नवे नाही. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून मॉरिशसला पोहोचले आणि उसाच्या मळ्यांसाठी करारावर मजूर नेण्याची रीत तेथे रुजली. पुढे मुंबई बंदरातून कोकणातली मराठी माणसेही गेली. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. त्या करारांत रोख पगाराबरोबर तांदूळ, डाळ, मीठ असा शिधाही लिहिलेला असे. मळेवाला काही दयाळू नव्हता. एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांचा पगार कापणारी ती व्यवस्था होती. पण मजुराला त्याचे धान्य मिळाले नाही तर त्याचा हात चालणार नाही, एवढे त्या व्यवस्थेलाही कळत होते.

आता आमची हकीकत. १९९५ साली आम्ही फिटर म्हणून सौदी अरेबियातील जुबैल येथे गेलो. समुद्रकाठच्या वाळवंटात १९७५ पासून उभारलेली ती कारखान्यांची नगरी. आमच्या ठेकेदाराचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही. करारात ‘जेवण मोफत’ असे लिहिले होते. पहिला पगार हाती आला तेव्हा त्यातून मेसचे पैसे कापलेले दिसले. मेसमध्ये दोन्ही वेळा भात, पातळ डाळ, कोंबडीचा रस्सा आणि खुबूस नावाची मैद्याची रोटी. अन्न वाईट होते असे आम्ही म्हणणार नाही. केरळचे आणि फिलिपिन्सचे सोबती ते आवडीने खात. पण ज्याचे पोट लहानपणापासून ज्वारीवर वाढले त्याला मैद्याची रोटी खाऊन तासाभरात पुन्हा भूक लागे. ज्वारीतले पिष्ट सावकाश पचते, हे कारण आम्ही नंतर वाचले. पोटाला मात्र ते आधीच कळले होते. आर्णीकडचा एक पोरगा तर महिनाभरात निम्मा झाला. रात्री पडल्यापडल्या तो आईच्या हातची अंबाडीची भाजी आणि ठेचा आठवी, आणि मग खोलीतले कोणीच झोपत नसे.

अशा स्थितीत एके शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, बराकीमागून आंबूस वास आला. आंबिलीचा वास! आम्ही वासाच्या मागे गेलो. एक सुदानी रिगर तापलेल्या लोखंडी पत्र्यावर पातळ पीठ पसरीत होता. कागदासारखी पातळ पोळी तो सोडवून ठेवी. तिला ते किसरा म्हणतात. पिठाकडे बोट करून आम्ही विचारले, हे काय? तो म्हणाला, “दुरा.” त्याने पिशवीतले दाणे आमच्या तळहातावर ठेवले. मंडळी, ती ज्वारी होती! घाटंजीच्या बाजारात पोत्यांनी पाहिलेली ज्वारी, समुद्रापार एका परक्या माणसाच्या मुठीतून आमच्या हातावर पडली.

कालवणासाठी त्याच्याजवळ वाळवलेल्या भेंडीची पूड होती. मग त्याने लाल फुलांचा आंबट काढा प्यायला दिला. त्याचे नाव करकदे. एक घोट घेतला आणि आम्ही ओरडलोच, “अरे, ही तर अंबाडी!” आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचेच ते पेय. आम्ही त्या झाडाची पाने शिजवून कण्या घालून खातो, ते बोंडे वाळवून पितात.

पुढे वाचनात आले की ज्वारीचे मूळ घर आफ्रिकाच. पूर्व सुदानात कसला शहराजवळ सापडलेल्या मडक्यांच्या खापरांत ज्वारीच्या दाण्यांचे ठसे आढळले आहेत आणि ते पाच हजार वर्षांपूर्वीचे आहेत. म्हणजे ज्या भाकरीला आम्ही वऱ्हाडची म्हणून कवटाळून बसलो होतो, तिचे माहेर त्या रिगरच्या देशात निघाले. ठेच्यातली मिरची अमेरिकेची, तिच्यात कुटलेला शेंगदाणाही तिकडचाच. आपली म्हणावी तर तूर आणि देशी कापूस. परके आणि आपले यांची भिंत वाटते तितकी जाड नाही, हे त्या दिवशी कळले.

त्याच दुकानातून पीठ आणून आम्ही भाकरी करायला बसलो. पहिल्या चार फाटल्या. गव्हाच्या पिठात जो चिकटपणा असतो तो ज्वारीत नाही. म्हणून तर आई उकळते पाणी घालून पीठ मळत असे. गरम पाण्याने पिष्ट फुगते आणि पीठ धरून राहते. सुदानी माणूस पीठ आंबवून पातळ पसरतो, आपली बाई उकड काढून थापते. एकाच अडचणीची ही दोन उत्तरे. पाचवी भाकर फुगली. आर्णीच्या पोराने तिचा तुकडा मोडला आणि तो कितीतरी वेळ नुसता हातात धरून बसला.

पण गोष्ट येथे संपत नाही. सौदीत परक्या मजुराला ना युनियनची परवानगी, ना संपाची. आम्ही नऊ जणांनी अर्ज लिहिला: जेवण मोफत ठरले आहे, तर कापलेले पैसे परत द्या, आम्ही आमचे रांधून खाऊ. पहिली सही कोणाची, ते साहेबाला कळू नये म्हणून सह्या गोलाकार केल्या. कोणाला परत पाठवतील म्हणून सगळेच धास्तावले होते. तीन आठवड्यांनी जेवणभत्ता रोख मिळू लागला; मागचे पैसे मात्र बुडाले ते बुडालेच. आमच्या युनियनच्या कामाचा श्रीगणेशा तो.

नंतर समजले की आमच्या हाती कायदाही होता. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील नियमांप्रमाणे, परदेशी नोकरीच्या करारात मोफत जेवण किंवा जेवणभत्ता यांचे कलम असावे लागते. आम्ही ते न वाचताच अंगठ्यासारखी सही केली होती. तुमचा मुलगा आखातात निघाला असेल तर पगाराचा आकडा पाहून थांबू नका. जेवणाचे कलमही वाचा.

अन्न कसे हाती येते, यालाही महत्त्व आहे. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची लाल मिलो आली होती. वडीलधाऱ्यांनी तिला नाके मुरडल्याचे तुम्हाला आठवत असेल. वास्तविक तीही ज्वारीच. पण ती न विचारता, लाचारीची वस्तू म्हणून पदरात पडली, म्हणून घशाखाली उतरली नाही. सुदानी सोबत्याने दिलेली ज्वारी मात्र गोड लागली.

१९९७ साली आम्ही परतलो. आज पंचविसाहून अधिक वर्षांनी एक विचित्र गोष्ट दिसते. भाकरीची आठवण काढायला आता जुबैलला जावे लागत नाही. तालुक्यात कापूस, सोयाबीन, तूर यांनी शिवार व्यापले आहे. ज्वारी पेरावी तर पाखरे आणि रानडुकरे खातात. कापणीला माणूस मिळत नाही. बैल कमी झाले म्हणून कडब्याला मागणी नाही. आणि रेशनवर गहू-तांदूळ. त्यामुळे रोजमजुराच्या ताटातली भाकर गेली आणि ढाब्यावर पोळीपेक्षा महाग होऊन बसली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळाबरोबर भरडधान्याचेही नाव आहे. २०२३ हे वर्ष तर जगाने भरडधान्याचे म्हणून साजरे केले. तेव्हा रेशन दुकानात ज्वारी मागणे ही भीक नव्हे.

परमुलखात भाकर आठवली तर त्यात नवल नाही. आपल्याच गावात बसून ती आठवावी लागत असेल, तर मात्र आपण सर्वांनी मिळून एक अर्ज लिहिण्याची वेळ आली आहे. सह्या हव्या तर गोलाकार करू.