खटारा आणि शिट्टी

माझी आत्या अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातली. वय ऐंशीच्या पुढे. मतदान यंत्रावर आलं त्याला वीसहून जास्त वर्षं झाली, तरी तिच्या तोंडी शब्द ‘शिक्का’ हाच. यंदा कुणाला दिलंस, असं विचारलं की ती माझ्याकडे नवलानं बघते. “आमचे घरान दुसरा शिक्का कवा परलाच नाय,” एवढं म्हणते आणि पुन्हा तांदूळ निवडायला लागते. हा शिक्का शेतकरी कामगार पक्षाच्या खटाऱ्यावरचा. तिच्या वडिलांचा तोच, सासऱ्यांचाही तोच.

लोक एक पक्ष सोडून दुसऱ्याला मत का देतात, याची उत्तरं निवडणूक आली की पैशाला पासरी मिळतात. जात, पैसा, लाट, नेता. यातलं काहीच खोटं नाही. पण आत्याचं मत यातल्या कुठल्याही कप्प्यात पुरतं बसत नाही. त्याचा उगम शोधायचा तर चरी गावात जावं लागतं.

खारेपाटातली भातशेती म्हणजे समुद्राशी रोजचं भांडण. भरतीचं पाणी अडवायला मातीचा बांध घालायचा. उधाणात तो फुटला की रात्री-अपरात्री चिखल घेऊन धावायचं. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की पुढची पिकं गेलीच. हा बांध कुळांनी पिढ्यान्‌पिढ्या राखला आणि पिकलेल्या भाताचा मोठा वाटा मात्र खोताच्या, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, कोठारात गेला. वर वेठ होतीच. कबुलायतीवर कुळाचा अंगठा असे, त्यावर काय लिहिलंय ते वाचणारा खोताचाच माणूस. अशा वेळी २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटलांच्या पुढाकारानं चरीत सभा झाली आणि कुळांनी ठरवलं, खोताची जमीन कसायची नाही.

पंचवीस गावं या संपात उतरली. संप १९३९पर्यंत चालला. एवढे पावसाळे ज्यांनी नांगर घरात ठेवला, त्यांच्या चुलीचं काय झालं असेल? लोकांनी रानातली लाकडं तोडून विकली, करवंदं विकली, मिळेल ती मजुरी केली. आत्याची आई त्या दिवसांबद्दल सांगायची तेव्हा आधी सांगायची ती भाताची नाही, पेजेची गोष्ट. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या कुळांच्या पाठीशी उभे राहिले. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले. त्याच १९३७ साली नारायण नागूंनी ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र काढलं. पुढे कुळांना कूळ म्हणून कायद्याची ओळख मिळाली आणि १९४९ मध्ये खोती रद्द करणारा कायदा झाला.

शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) स्थापन झाला १९४७ साली, म्हणजे संप मिटल्यावर आठ वर्षांनी. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही तो स्थापन करणारी माणसं पुणे आणि देशावरची. पण अलिबाग-पेण-उरणच्या पट्ट्यात या पक्षाला रोप लावावं लागलं नाही, जमीन आधीच नांगरलेली होती. ज्या माणसांनी संप केला त्यांच्याच घरांवर लाल बावटा लागला. म्हणून मला वाटतं, इथल्या माणसानं पक्ष निवडला असं म्हणणं अपुरं आहे. त्यानं सातबारा निवडला, आणि सातबाऱ्यावर नाव लागलं ते ज्यांच्या सोबतीनं, त्यांना मत देणं हा घरचा रिवाज झाला.

असा रिवाज फक्त आपल्याकडेच असतो असं नाही. ब्रिटनमध्ये साठच्या दशकात डेव्हिड बटलर आणि डोनाल्ड स्टोक्स या दोन अभ्यासकांनी मतदारांना प्रत्यक्ष भेटून विचारपूस केली आणि १९६९ मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ काढला. त्यांना दिसलं ते असं की बहुतेक माणसं आईवडिलांचा पक्षच पुढे चालवतात. कोळसा खाणीतला कामगार मजूर पक्षाचा, त्याचा मुलगाही मजूर पक्षाचा. जाहीरनामा त्यातल्या कितीजणांनी वाचला असेल? पण खाण एक, संघटना एक, संध्याकाळी बसायचा अड्डा एक, आणि मतही एक.

तरी आत्याच्या पिढीचं मत हे नुसती सवय होतं असं मी म्हणणार नाही. ते वेळोवेळी ताजं होत होतं. जानेवारी १९८४ मध्ये न्हावा-शेवा बंदर आणि सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध जासई, पागोटे परिसरात आंदोलन पेटलं, पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी मारले गेले. नेतृत्व होतं शेकापच्या दि. बा. पाटलांचं. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क प्रकल्पग्रस्तांच्या पदरात पडला तो याच लढ्यातून. त्याच वर्षी डिसेंबरात लोकसभा निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती लाट होती, काँग्रेसनं देशात चारशेवर जागा जिंकल्या. इथल्या कुलाबा मतदारसंघानं मात्र दि. बां.ना निवडून दिलं. ज्यांच्या भावकीतलं माणूस अकरा महिन्यांपूर्वी गोळीला बळी पडलं होतं, त्यांना दिल्लीची लाट कशी वाहून नेणार?

पण मग पुढे काय बिघडलं? पक्षांतर, घराण्यातले वाद, नेत्यांच्या चुका, या कारणांवर अलिबागच्या नाक्यावर रात्रभर चर्चा होऊ शकते. मला त्याहून मोठं कारण बांधावरच दिसतं. जमीन गेली. थळला खताचा कारखाना आला, उरणला बंदर, आणि मांडवा-किहीम-आवासच्या वाड्यांभोवती मुंबईकरांच्या बंगल्यांची कुंपणं. ज्या घरात आता भात पिकत नाही, त्या घरातल्या पोराला खोताची गोष्ट सांगून काय होणार? त्याला कंपनीत कायम व्हायचंय, बोटीचा परवाना हवाय, आजीला दवाखान्यात न्यायला रस्ता हवाय. दक्षिणेकडे, मुरूड-श्रीवर्धनच्या बाजूला, मुंबईत गिरणीत किंवा गोदीत राबणारे चाकरमानी गणपतीला येताना शिवसेनेच्या शाखेचा भगवा घेऊन आले. आजोबांनी बावटा दिला तसा बापानं भगवा दिला. रिवाज तोच, फक्त त्याचं गाव बदललं.

२०१९ सालच्या दोन निकालांकडे पाहा. ऑक्टोबरात अलिबागमध्ये शेकापचे सुभाष पाटील शिवसेनेच्या महेंद्र दळवींकडून हरले. हा गड २००४ मध्येही काँग्रेसनं एकदा घेतला होता, पण तेव्हा पाच वर्षांत तो परत आला, या वेळी आला नाही. डिसेंबरात इंग्लंडमधल्या बोल्सोव्हरला मजूर पक्षाचे डेनिस स्किनर पडले. खाणकामगार म्हणून राबलेला हा माणूस तिथून १९७० पासून सलग निवडून येत होता, आणि मतदारसंघ १९५० मध्ये झाल्यापासून मजूर पक्षाशिवाय कुणाचाच नव्हता. बोल्सोव्हरची खाण १९९३ मध्येच बंद पडली होती. म्हणजे काम संपल्यावर मत पुढची सव्वीस वर्षं नुसत्या आठवणीवर तगलं. २०२४ मध्ये मजूर पक्षानं ती जागा परत मिळवली, पण आता ती कायमची असं तिथे कुणी धरून चालत नाही.

रिवाज सैल झाला की मतदार हिशेब करू लागतो. रस्ता नको, पाणी नको असं म्हणणारा पक्ष नसतोच. सगळ्यांना सगळंच हवं असतं, तेव्हा प्रश्न उरतो तो हे करून कोण दाखवेल एवढाच. आपल्याकडे त्याला सरळ ‘कामं करणारा माणूस’ म्हणतात, आणि या एका शब्दापुढे पक्षाचं नाव बऱ्याचदा लहान होतं. रायगड लोकसभेत राष्ट्रवादी काँग्रेसचे सुनील तटकरे २०१४ मध्ये शिवसेनेच्या अनंत गीतेंकडून अवघ्या २,११० मतांनी हरले. त्याच यंत्रावर सुनील तटकरे नावाचा दुसरा एक अपक्षही होता आणि त्याला ९,८४९ मतं पडली. यातले किती लोक नाव पाहून फसले असतील, कुणी सांगावं. पण निशाणीपेक्षा नाव शोधणारा मतदार आता किती आहे, ते त्या आकड्यात दिसतं. ज्या शेकापनं तेव्हा वेगळा उमेदवार देऊन लाखाहून जास्त मतं घेतली, तोच २०१९ मध्ये तटकऱ्यांच्या बाजूनं उभा राहिला आणि ते जिंकले. खटाऱ्याला सवयीनं दिलेलं मत वरून आलेल्या आदेशानं राष्ट्रवादीच्या घड्याळाकडे वळवणं कित्येक घरांना जड गेलं. मला ते कळतं. कुणाशी हातमिळवणी करायची हे पक्ष बैठकीत ठरवतो, ते पचवावं लागतं घराघरातल्या चुलीपाशी.

गेल्या विधानसभेला, नोव्हेंबर २०२४ मध्ये, आत्याला मीच केंद्रावर नेलं. शाळेच्या पायऱ्या चढताना तिनं माझा खांदा धरला होता. आतून बाहेर यायला तिला बराच वेळ लागला. मशीनवर खटारा नव्हता, पक्षाची या वेळची निशाणी होती शिट्टी. पायऱ्या उतरताना तिनं मला विचारलं, “खटारा कंय नेला रं?” मी म्हटलं, आता शिट्टी आहे, तुला सांगितलं होतं ना. ती काही बोलली नाही. घरी पोचेपर्यंत बोटावरची शाई पदरानं पुसत राहिली. तिनं बटण कुठलं दाबलं, ते मी विचारलं नाही.