नगररचना विषयातील शैक्षणिक आंतरवासिता

नगररचना विषयातील शैक्षणिक आंतरवासिता म्हणजे नगर व प्रदेश नियोजनाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाचा भाग म्हणून नियोजन प्राधिकरण, शासकीय विभाग, सल्लागार संस्था किंवा संशोधन संस्था यांपैकी एका ठिकाणी, मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली, ठरावीक मुदतीत केलेले प्रत्यक्ष काम होय. व्यवहारात तिला इंटर्नशिप म्हणतात. वैद्यक आणि शिक्षणशास्त्र या शाखांत आंतरवासिता दीर्घकाळ रूढ आहे; तेथे रुग्णालय आणि शाळा ही जशी शिकण्याची क्षेत्रे, तसे नगररचनेत प्रत्यक्ष गाव किंवा शहर हे क्षेत्र असते.

पार्श्वभूमी

मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा १९१५ साली झाला. वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रांताच्या प्रशासनाखाली असल्याने तो येथे लागू नव्हता. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस हे याच सुमारास भारतात आले आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात सुरू झालेल्या समाजशास्त्र व नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्रमुख झाले. शहराची पाहणी आधी करावी आणि आराखडा नंतर आखावा, हा त्यांचा आग्रह होता. वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्यापेक्षा, गल्लीबोळ पायी हिंडून आवश्यक तेवढाच बदल करावा, असे ते सांगत. आजच्या आंतरवासितेतील क्षेत्रपाहणीमागे हाच विचार आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५१ साली भारतीय नगररचनाकारांची संस्था स्थापन झाली, तर १९५५ साली दिल्लीत नगर व ग्राम नियोजनाचे स्वतंत्र विद्यालय सुरू झाले. महाराष्ट्रात पुण्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ (पूर्वीचे अभियांत्रिकी महाविद्यालय) आणि नागपूरची विश्वेश्वरय्या राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था येथे या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. वऱ्हाडातील विद्यार्थ्यांना यांपैकी नागपूर जवळचे आहे.

कालावधी आणि स्वरूप

पदव्युत्तर अभ्यासक्रम साधारणतः दोन वर्षांचा, म्हणजे चार सत्रांचा असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्रांमधील उन्हाळी सुटीत सहा ते आठ आठवड्यांची आंतरवासिता करण्याची पद्धत आहे. विद्यार्थी दैनंदिनी ठेवतो, अखेरीस अहवाल सादर करतो आणि त्यावर तोंडी परीक्षा होते. कार्यस्थळावरील अधिकारी व महाविद्यालयातील अध्यापक असे दोन मार्गदर्शक असल्यास काम आणि अभ्यास यांची सांगड राहते.

विद्यार्थ्याकडे सामान्यतः पुढील कामे येतात : जमीन-वापराची पाहणी, घरोघरची सामाजिक-आर्थिक पाहणी, वाहतूक मोजणी, भूमी अभिलेख विभागाचे नकाशे आणि उपग्रह चित्रे यांची संगणकावर जुळणी, शाळा, दवाखाने, क्रीडांगणे आदी सुविधांची लोकसंख्येच्या प्रमाणात तपासणी, हरकती व सूचनांचे वर्गीकरण.

पाहणीचे महत्त्व

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार शहराची विकास योजना तयार करण्याचा इरादा जाहीर झाल्यावर प्रथम विद्यमान जमीन-वापर नकाशा करावा लागतो. त्याच्या आधारे प्रारूप योजना बनते. ती प्रसिद्ध करून नागरिकांकडून हरकती व सूचना मागवल्या जातात, नियोजन समितीपुढे सुनावणी होते आणि शासनाच्या मंजुरीनंतर योजना अमलात येते.

या साखळीतील पहिली कडी बहुधा सर्वांत कनिष्ठ माणसाच्या हाती असते. समजा, एखाद्या गट क्रमांकात पंधरा घरे उभी आहेत, पण पाहणी करणारा आत न जाता रस्त्यावरूनच ती जागा ‘मोकळी’ अशी नोंदवतो. प्रारूप योजनेत तेथे क्रीडांगणाचे आरक्षण पडू शकते. घरमालकाला ते कळले नाही, किंवा हरकतीची मुदत टळून गेली, तर बांधकामाची परवानगी, कर्ज आणि विक्री या तिन्ही वाटा अडतात. अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित न झाल्यास मालकाला कलम १२७ अन्वये सूचना देता येते आणि त्यानंतरच्या विहित मुदतीतही संपादनाची पावले न उचलली गेल्यास आरक्षण व्यपगत होते. परंतु तोवर एका कुटुंबाची उमेदीची वर्षे निघून गेलेली असतात. म्हणून विद्यार्थ्याने भरलेला पाहणीचा तक्ता हा केवळ सरावाचा कागद नसतो.

वऱ्हाडातील क्षेत्र

अमरावती महानगरपालिका १९८३ साली आणि अकोला महानगरपालिका २००१ साली स्थापन झाली. दोन्ही शहरे पाण्यासाठी दूरच्या धरणांवर अवलंबून आहेत : अमरावतीला ऊर्ध्व वर्धा आणि अकोल्याला काटेपूर्णा प्रकल्पातून पाणी मिळते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात भूजल खारे असल्याने विहीर खणून पाण्याचा प्रश्न सुटत नाही. त्यामुळे येथे वस्ती कोठे वाढू द्यावी, हा प्रश्न पाण्याच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. काळी कपाशीची जमीन पावसात फुगते व उन्हात भेगाळते. रस्ते, गटारे आणि पाये यांचा विचार करताना विद्यार्थ्याला हेही ध्यानात घ्यावे लागते.

जमिनीच्या नोंदींची भाषाही शिकावी लागते. सात-बारा आणि गावठाण हे शब्द राज्यभर एकच असले, तरी विदर्भातील शहरांत नझूल जमिनीचे स्वतंत्र अभिलेख असतात. ते न पाहता केलेला मालकीचा नकाशा अपुरा ठरतो.

वलगाव : शहराच्या वेशीवरील गाव

अमरावतीच्या वायव्येस, परतवाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर पेढी नदीच्या काठी वलगाव वसले आहे. पेढी ही पूर्णेची उपनदी होय. स्वतःच्या हाती खराटा घेऊन गावोगाव स्वच्छतेचा संस्कार रुजवणारे संत गाडगे महाराज यांचे २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ, पेढी नदीच्या पुलानजीक निधन झाले.

शहराच्या वेशीवरील अशा गावांत नियोजनाचे बरेचसे मूळ प्रश्न एकत्र सापडतात. रस्त्यालगतचे शेत बिनशेती केव्हा होते, सांडपाणी नदीत कोठे मिळते, शहरात रोज ये-जा करणाऱ्यांसाठी बस कोठे थांबते, यांची उत्तरे ग्रामपंचायतीच्या कर आकारणीचा नमुना ८, गाव नकाशा आणि प्रत्यक्ष पाहणी एकमेकांशी ताडून पाहिल्यावरच मिळतात. जनगणनेच्या व्याख्येनुसार किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० घनता आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायात, या तिन्ही अटी पूर्ण करणारी वस्ती ‘जनगणना नगर’ ठरते. मात्र तिचा कारभार ग्रामपंचायतीकडेच राहू शकतो. गाव वाढते, पण नगररचनाकार मिळत नाही, अशी स्थिती त्यातून उद्भवते. वाढलेले शहर पुढे अशी गावे सामावून घेते, तेव्हा अरुंद रस्ते आणि न सोडलेल्या मोकळ्या जागा यांचा वारसाही त्याच्याकडे येतो. शेतजमिनीचे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून झालेल्या वसाहती नियमित करण्यासाठी महाराष्ट्राला २००१ साली गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला.

मनुष्यबळ, मानधन आणि संधी

नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी सुमारे ६५ टक्के वस्त्यांना बृहत् आराखडा नव्हता, आणि राज्यांच्या नगररचना विभागांतील नगररचनाकारांच्या मंजूर पदांपैकी सुमारे ४२ टक्के पदे रिक्त होती. असे असूनही विद्यार्थ्यांचा ओढा महानगरांतील सल्लागार संस्थांकडे असतो. तेथे आधुनिक साधने व पुढील नोकरीची शक्यता असते. लहान नगरपरिषदेत मार्गदर्शन करू शकणारा नगररचनाकारच नसण्याची शक्यता अधिक.

दुसरी अडचण पैशाची आहे. अनेक आंतरवासिता विनामानधन असतात. शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला दोन महिने मुंबई-पुण्यात स्वखर्चाने राहणे परवडत नाही. त्याच्या गावाजवळच्या नगरपरिषदेत जागा आणि अल्प मानधन मिळाले, तर त्याची व त्या गावाची, दोघांचीही सोय होते. केंद्र शासनाने ४ जून २०२० रोजी सुरू केलेल्या ‘ट्युलिप’ उपक्रमाने नागरी स्थानिक संस्थांत नुकत्याच पदवी घेतलेल्यांसाठी अशी दारे उघडली. मात्र तो अभ्यासक्रमानंतरचा उपक्रम असून शैक्षणिक आंतरवासितेहून भिन्न आहे.

आचारनियम

प्रारूप योजना प्रसिद्ध होण्यापूर्वी रस्ते व आरक्षणे यांची माहिती बाहेर गेल्यास जमिनीच्या व्यवहारांत गैरफायदा घेतला जाऊ शकतो; म्हणून गोपनीयता हा पहिला नियम होय. पाहणीस गेल्यावर आपण कोण आणि ही माहिती कशासाठी घेत आहोत, हे रहिवाशांना त्यांच्या भाषेत सांगावे. आपल्या हाती नसलेले आश्वासन देऊ नये. अतिक्रमणातील कुटुंबाने विश्वासाने दिलेली माहिती त्याच्याविरुद्ध वापरली जाणार नाही, याची काळजी घ्यावी. न पाहिलेली जागा ‘पाहिली नाही’ अशीच नोंदवावी. अंदाजाने रंग भरू नये. शेवटचा अहवाल महाविद्यालयाबरोबर संबंधित ग्रामपंचायतीलाही मराठीत दिल्यास, ज्या गावाने शिकवले त्या गावाच्या दप्तरी काही उपयोगाचे राहते.